धागा : अनुदानित महाविद्यालयाचा कारभार – कोणती सही कुठे चालते?

टिपणवही

जून आला की निवृत्त्या होतात, खुर्च्या हलतात आणि मग विचारणा सुरू होते : प्राचार्य गेले, आता पगारबिलावर सही कोणी करायची? संस्थेचे सचिव म्हणतात आम्ही पत्र देतो, बँक म्हणते चालणार नाही, सहसंचालक कार्यालय म्हणतं विद्यापीठाचं पत्र आणा. यात कोणीच खोटं बोलत नसतं. अनुदानित महाविद्यालयाचा गाडा तीन बैलांचा आहे. नेमणूक करते संस्था, त्या नेमणुकीला मान्यता देतं विद्यापीठ आणि पगार देतं शासन, म्हणजे विभागीय उच्च शिक्षण सहसंचालकांचं कार्यालय. प्राचार्य तिघांच्या मध्ये उभे असतात.

हा धागा तालुक्याच्या गावातल्या साध्या अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयापुरता ठेवू. स्वायत्त महाविद्यालयं, अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांचं गणित वेगळं आहे, ते इथे नको. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. तरी अजूनही कित्येक कार्यालयांत १९९४च्या कायद्यातली 'स्थानिक व्यवस्थापन समिती' हेच नाव तोंडात आणि, वाईट म्हणजे, इतिवृत्तातही असतं. ज्यांना कार्यपद्धती ठाऊक आहे त्यांनी लिहावं. कोणत्या संस्थेत काय झालं, अध्यक्ष कसे आहेत, हे इथे नको.

घाटवाट

समितीपासूनच सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. २०१६च्या कायद्यात त्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी आलेली कलम ९७ची महाविद्यालय विकास समिती, म्हणजे सीडीसी. एकूण १५ जण. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचा प्रतिनिधी हे समितीचे अध्यक्ष. संस्थेचे सचिव किंवा त्यांचा प्रतिनिधी. प्राचार्यांनी नेमलेले एक विभागप्रमुख. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडून दिलेले तीन शिक्षक, त्यांत किमान एक महिला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला एक. शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य. त्यांना संस्था प्राचार्यांशी विचारविनिमय करून नेमते आणि त्यांतला किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. आयक्यूएसीचे, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, समन्वयक. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव. आणि प्राचार्य सदस्य-सचिव.

वर्षात किमान चार बैठका. निवडून आलेल्या आणि नेमलेल्या सदस्यांची मुदत पाच वर्षं.

आता काय चुकतं ते. पहिलं, तीन शिक्षक 'निवडून' आलेले हवेत. प्राचार्यांनी कर्मचारी सभेत तीन नावं वाचून दाखवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ही निवडणूक नव्हे. बिनविरोध होत असली तरी सूचना, अर्जांची मुदत, छाननी आणि निकाल असे चार कागद फाईलला लागतात. दुसरं, एका संस्थेची चार महाविद्यालयं असली तर प्रत्येकाची समिती स्वतंत्र. चौघांची मिळून एक बैठक घेऊन चार वह्यांत तेच इतिवृत्त चिकटवलेलं दिसतं. हजेरीच्या सह्या एकाच दिवशी, एकाच वेळी, चार गावांत. तपासणी समिती ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखते.

खडूफळा

@घाटवाट, विद्यार्थ्यांच्या दोन जागांबद्दल लिहायला हवं. परिषद वेळेत बनतच नाही, मग त्या दोन जागा रिकाम्या राहतात आणि इतिवृत्तात 'विद्यार्थी प्रतिनिधी गैरहजर' लिहिलं जातं. नसलेला माणूस गैरहजर कसा असेल? 'विद्यार्थी परिषद अद्याप गठित नाही, सबब दोन पदे रिक्त' असं स्वच्छ लिहावं. रिक्त जागेचा जाब देता येतो, खोट्या गैरहजेरीचा नाही.

समितीची कामं तर लोक वाचतच नाहीत. सर्वंकष विकास आराखडा, शैक्षणिक दिनदर्शिका, नवे अभ्यासक्रम आणि नव्या पदांची शिफारस, स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांचा आढावा, अंदाजपत्रक, लेखापरीक्षण आणि नॅक (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद) अहवालांवर विचार. शेवटी ३० जूनला संपणाऱ्या वर्षाचा वार्षिक अहवाल संस्थेला आणि विद्यापीठाला. हा अहवाल फार थोडी महाविद्यालयं वेळेत पाठवतात. बाकी सगळं मार्चअखेरीला बांधलेलं असतं, हा एकटाच जूनअखेरीचा, म्हणून विसरतो.

आणि हेही लक्षात ठेवा : समिती शिफारस करते, अंतिम निर्णय संस्थेचा. अंदाजपत्रक समितीत 'मंजूर' झालं म्हणून प्राचार्यांनी खरेदी सुरू केली आणि संस्थेच्या नियामक मंडळाने त्यातली बाब कापली, की पुढच्या लेखापरीक्षणात आक्षेप प्राचार्यांच्या नावावर येतो.

नदीपल्याड

एक प्राथमिक प्रश्न. प्राचार्याची निवड नक्की कशी होते? आमच्याकडे चर्चा अशी की संस्थेच्या मनात असेल तो होतो.

टिपणवही

@नदीपल्याड, संस्थेच्या मनात असेल तोच होतो असं नाही, पण मनात नसेल तो बहुधा होत नाही. :-)

पात्रता आधी. युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८चे विनियम आणि राज्याचा ८ मार्च २०१९चा शासन निर्णय हे दोन कागद जवळ ठेवा. पीएच.डी. हवी. प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असावं आणि अध्यापन-संशोधनाचा एकूण अनुभव किमान १५ वर्षं असावा. किमान १० शोधनिबंध, तेही तज्ज्ञांनी तपासून छापणाऱ्या किंवा युजीसीच्या यादीतल्या नियतकालिकांतले. आणि विनियमांच्या परिशिष्ट दोनच्या तक्ता २ प्रमाणे संशोधन गुणांक किमान ११०. सगळ्यात जास्त अर्ज पडतात ते या ११०पाशी. २०१०च्या विनियमांत एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचा गुणांक, ४०० लागायचा. त्या जुन्या तक्त्याने गुण मोजून लोक अर्ज भरतात आणि छाननीत उतरतात. दुसरी चूक सहलेखकांची. एकाच निबंधाचे पूर्ण गुण दोघांनी घ्यायचे नसतात : दोन लेखक असले तर प्रत्येकाला ७० टक्के, त्याहून जास्त असले तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के.

कामाचा क्रम असा. पद रिक्त होण्याच्या किमान सहा-आठ महिने आधी सहसंचालकांमार्फत ना हरकत प्रमाणपत्राचा प्रस्ताव. ते आलं की जाहिरातीचा मसुदा विद्यापीठाकडे. मसुदा मंजूर झाला की वृत्तपत्रांत जाहिरात. अर्ज, छाननी, मग निवड समिती. समितीचे अध्यक्ष म्हणजे नियामक मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी नेमलेले मंडळाचे दोन सदस्य, त्यांतला एक शैक्षणिक प्रशासनाचा जाणकार. कुलगुरूंचे दोन प्रतिनिधी. विद्यापीठाने मान्य केलेल्या सहा जणांच्या यादीतून संस्थेने घेतलेले तीन तज्ज्ञ. शिवाय अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अल्पसंख्याक, महिला किंवा दिव्यांग यांपैकी कोणी उमेदवार असेल आणि समितीत त्या प्रवर्गाचं कोणी नसेल, तर तसा एक शिक्षणतज्ज्ञ कुलगुरू देतात.

मुलाखत झाली की अहवालावर सगळ्यांच्या सह्या त्याच दिवशी, तिथेच. 'उद्या पाठवतो' म्हणून गेलेला तज्ज्ञ महिनाभर सापडत नाही. मग नियुक्ती आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठाचं मान्यतापत्र आणि सगळ्यात शेवटी सहसंचालकांकडून वेतननिश्चिती. मान्यतापत्र येईपर्यंत माणूस प्राचार्य असतो, पण पगार जुन्याच पदाचा.

जमाखर्च

बाहेरच्या संस्थेतून येणाऱ्याने धारणाधिकार (लिअन, म्हणजे जुन्या पदावर परत येण्याचा हक्क) विसरू नये. जुन्या संस्थेकडून कार्यमुक्तीचा आदेश घेताना 'लिअन मंजूर' हे शब्द आदेशात हवेत, तोंडी नव्हे. प्राचार्यपद पाच वर्षांचं आहे. विद्यापीठाने नेमलेल्या समितीने कामगिरी तपासली तर आणखी पाच वर्षं. नंतर मूळ ठिकाणी प्राध्यापक म्हणून परत जायचं असतं. लिअन नसेल तर परत जाणार कुठे? सेवापुस्तकाच्या दुय्यम प्रतीवर शेवटच्या वेतनवाढीपर्यंत नोंदी झाल्या आहेत का, रजेचा हिशोब उतरवला आहे का, तेही निघायच्या आधी बघावं. नंतर त्या एका पानासाठी दोनशे किलोमीटरच्या खेपा होतात.

आवकजावक

प्रभारी प्राचार्यांबद्दल कोणीच का लिहीत नाही? निम्म्या ठिकाणी तेच आहेत.

खडूफळा

निम्मे की किती ते सोडा, पण का आहेत ते सांगता येतं. सातव्या वेतन आयोगात पदवी महाविद्यालयाच्या प्राचार्याचा स्तर १३ए, सुरुवात १,३१,४०० पासून, आणि विशेष भत्ता ४,५००. पदव्युत्तर असेल तर स्तर १४, सुरुवात १,४४,२०० आणि भत्ता ६,७५०. आता गंमत बघा. त्याच महाविद्यालयात कॅसमधून (सेवेतल्या बढतीच्या योजनेतून) प्राध्यापक झालेला शिक्षक स्तर १४लाच असतो. म्हणजे पदवी महाविद्यालयात हाताखालचा माणूस वरच्या स्तरावर. मग गाव सोडून, तासिका सोडून, अध्यक्ष-सचिव, विद्यार्थी संघटना आणि सहसंचालक कार्यालय गळ्यात कोण घालून घेईल? साडेचार हजारांसाठी?

त्यात १५ वर्षांचा अनुभव, पीएच.डी. आणि सहयोगी प्राध्यापक पद हे तिन्ही जुळणारे लोक छोट्या महाविद्यालयांत मोजकेच. ना हरकत पत्राला लागणारा वेळ वेगळा. काही संस्थांना प्रभारी सोयीचा पडतो हेही खरं. मुदतीचा माणूस मान वर करत नाही.

टिपणवही

@खडूफळा, शेवटचं वाक्य थोडं एकतर्फी आहे. कित्येक प्रभारी पूर्णवेळ प्राचार्यांपेक्षा नेटाने काम करतात. अडचण माणसाची नसून अधिकाराची असते. उपप्राचार्यांबद्दल विनियम स्पष्ट आहे : प्राचार्यांच्या शिफारशीवरून नियामक मंडळ ज्येष्ठ शिक्षकाला दोन वर्षांसाठी उपप्राचार्य नेमतं आणि प्राचार्य नसताना त्यांचे अधिकार उपप्राचार्य वापरतात. म्हणून प्राचार्य निवृत्त व्हायच्या आधी उपप्राचार्याची मुदत शिल्लक आहे ना, हे बघून ठेवावं. मुदत संपलेली असेल तर पहिल्याच दिवशी सगळं अडतं.

प्रभारीची फाईल अशी लागते : संस्थेचा ठराव, विद्यापीठाचं ठराविक मुदतीचं मान्यतापत्र, आणि सहसंचालकांचं आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पगाराची रक्कम काढून वाटणारा अधिकारी, म्हणून पत्र. तिन्हींच्या मुदतीच्या तारखा एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. मुदत संपायच्या महिनाभर आधी मुदतवाढीचा प्रस्ताव गेला नाही, तर पुढचं पगारबिल परत येतं, आणि त्या महिन्यात कर्मचारी कक्षात प्रभारींना चहाही कोणी विचारत नाही.

जमाखर्च

पदभार हस्तांतरणाची यादी देतो. 'चार्ज दिला-घेतला' एवढ्या एका ओळीच्या कागदावर सही करू नका.

रोकडवही त्या दिवशीच्या शिल्लकीसह, हातातली रोख मोजून. सगळ्या बँक खात्यांची यादी, प्रत्येकाची पासबुकातली शिल्लक आणि ताळमेळ पत्रक. वेतन खातं, शिष्यवृत्ती खातं, परीक्षा खातं, एनएसएस, विनाअनुदानित विभागाचं खातं वेगवेगळी असतात आणि एखादं जुनं अनुदान खातं सगळ्यांच्या विस्मरणात गेलेलं असतं. चेकबुकं आणि शिल्लक चेकचे क्रमांक. मुदतठेवींच्या पावत्या, संलग्नतेसाठी ठेवलेल्या धरून. पावतीपुस्तकांचा साठा, वापरलेली आणि कोरी. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे फर्निचर-उपकरणांसारख्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. सेवापुस्तकं मोजून, कारण एखादं नेहमी वेतनपडताळणीला गेलेलं असतं. त्याची पोच हवी. न्यायालयीन प्रकरणांची यादी आणि पुढच्या तारखा. माहिती अधिकाराचे प्रलंबित अर्ज. गोपनीय अहवालांचं कपाट आणि त्याची किल्ली.

आता नवी गोष्ट म्हणजे लॉगिन. सेवार्थ (पगारबिलांचं पोर्टल), महाडीबीटी (शिष्यवृत्त्यांचं पोर्टल), एआयएसएचई (उच्च शिक्षणाचं देशव्यापी सर्वेक्षण), नॅक, युजीसी, विद्यापीठाचं पोर्टल, आयकराचं टॅन (करकपातीचं) खातं. यांतली निम्मी जुन्या प्राचार्यांच्या खासगी मोबाईलला जोडलेली असतात. ते निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले की ओटीपी तिकडे जातो. महाविद्यालयाच्या नावाने एक सिमकार्ड आणि एक ईमेल घ्या, ते कार्यालयात राहू द्या आणि सगळी खाती त्यावर वळवा. हे हस्तांतरणाच्या दिवशी, दोन्ही माणसं समोर असताना करा.

डिजिटल सहीची टोकन-काडी मात्र हस्तांतरित होत नाही. ती व्यक्तीच्या नावाची असते. जुनी बंद करायची, नवीन काढायची. ती ड्रॉवरमध्ये ठेवून कारकुनाकडून वापरणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून ठेवणं.

माजघर

महाडीबीटीचा विषय निघालाच आहे तर. तिथे महाविद्यालयाच्या दोन पायऱ्या आहेत, आधी लिपिक लॉगिन, मग प्राचार्य लॉगिन. बहुतेक ठिकाणी दोन्हींचा पासवर्ड एकाच माणसाकडे असतो. याचा अर्थ तपासणी होतच नाही. लिपिकाने कागद पाहायचे : उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधीच्या वर्षाची गुणपत्रिका, वसतिगृहाचा असल्यास तो दाखला. प्राचार्य लॉगिनला शुल्काचा आकडा बघायचा. विद्यापीठाच्या मंजूर शुल्कापेक्षा एक रुपया जास्त भरलेला असेल तरी ते देयक पुढे लेखापरीक्षणात वसुलीला लागतं.

मग अर्ज पुढे जातो. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर योजनेचा समाजकल्याण कार्यालयाकडे, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीचा सहसंचालकांकडे. उत्पन्न मर्यादा पहिल्यात अडीच लाख, दुसऱ्यात आठ लाख. चुकीच्या योजनेत भरलेला अर्ज तुमच्या टेबलावरच परत पाठवा. पुढे ढकलून दिला तर वर्ष जातं.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-जोडलेल्या खात्यात जातो. त्यातली महाविद्यालयाची फी विद्यार्थ्याने भरायची. इथे कार्यालयं चुकतात : पैसे आलेत की नाही हे न बघता परीक्षेचा अर्ज अडवतात. आधी विद्यार्थ्याचं खातं आधारशी एनपीसीआयमध्ये (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय महामंडळाकडे) जोडलेलं आहे का ते बघा. बँकेत केवायसी झालं म्हणजे जोडणी झाली असं नसतं, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. दोन बँकांत खाती असली तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, आणि बऱ्याचदा ते बापाने जनधनसाठी काढून दिलेलं, कोणाच्या लक्षात नसलेलं खातं निघतं.

आवकजावक

कार्यालयाच्या उतरंडीबद्दलही लिहा की. सगळं प्राचार्यांवरच चाललंय.

जमाखर्च

रजिस्ट्रार किंवा कार्यालयीन अधीक्षक, मुख्य लिपिक, वरिष्ठ लिपिक, कनिष्ठ लिपिक, प्रयोगशाळा सहाय्यक, प्रयोगशाळा परिचर, शिपाई. सेवाशर्ती १९८४च्या प्रमाण संहितेप्रमाणे. भरती थांबत गेल्याने आज कित्येक ठिकाणी आकृतिबंधातली, म्हणजे मंजूर पदांच्या यादीतली, निम्मी पदं फक्त फलकावर आहेत आणि संगणकापाशी बसलेला मुलगा संस्थेने मानधनावर ठेवलेला आहे. त्याला सेवार्थचं लॉगिन देऊ नये. चूक झाली तर त्याच्यावर कारवाई करायला कुठलाच नियम लागू पडत नाही, जबाबदारी सही करणाऱ्याची.

चांगला हेडक्लार्क ओळखायची खूण : आवक नोंदवहीत पत्राला क्रमांक देताना तो त्याच्या शेजारी उत्तराची अंतिम तारीख लाल शाईने लिहितो.

घाटवाट

संस्थेत वाद असेल तेव्हा काय, हे लिहितो, कारण तो प्रश्न कायम येतो. दोन गट आहेत, दोघेही म्हणतात अध्यक्ष आमचे. प्राचार्यांनी कोणाचं ऐकायचं?

धर्मादाय आयुक्तांकडच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे संस्थेच्या अधिकृत नोंदीवर, कोणाची नावं आहेत ते बघायचं. कार्यकारिणी बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो मंजूर झाल्याशिवाय परिशिष्टावर नाव चढत नाही. हरकत आली की वर्षानुवर्षं प्रलंबित. या काळात विद्यापीठ आणि सहसंचालक कार्यालय परिशिष्टाची प्रत मागतात. प्राचार्यांनी दोन्ही गटांची पत्रं आवक करून घ्यावीत, दोघांनाही लेखी पोच द्यावी आणि विद्यापीठाकडे मार्गदर्शन मागणारं पत्र त्याच आठवड्यात पाठवावं. एका गटाच्या सांगण्यावरून निलंबन, बदली किंवा नवी भरती अजिबात करू नये. बडतर्फी, सेवेतून काढणं, पदावनती यांविरुद्ध कर्मचाऱ्याला विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो : आदेशावर सही करणाऱ्याला तो अधिकार होता का?

माजघर

एक अवांतर. हा 'संस्था विरुद्ध प्राचार्य' झगडा मुळातच नव्हता अशी रचना आपल्याकडेच होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं फर्ग्युसन १८८५मध्ये सुरू झालं ते आजीव सदस्यांच्या जोरावर : शिकवणारेच संस्था चालवणार, आणि तेही दरमहा ७५ रुपयांवर. वामन शिवराम आपटे पहिले प्राचार्य, त्यांच्यानंतर १८९२ ते १८९५ आगरकर. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत आजीव सेवकांची पद्धत आणली, १९४७मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. आज पगार शासनाचा, नेमणूक संस्थेची आणि मान्यता विद्यापीठाची झाल्यावर ती एकजीवता राहणं अवघडच. (भांडणं तेव्हाही होती म्हणा. टिळक १८९०मध्ये सोसायटीतून बाहेर पडले ते काही गोडीगुलाबीने नाही.)

नदीपल्याड

अवांतर आवडलं. परत विषयावर : कोणत्या समित्यांवर प्राचार्य नसावेत? सगळीकडे 'अध्यक्ष – मा. प्राचार्य' लिहिलेलं असतं.

खडूफळा

नेमका मुद्दा. लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीवर प्राचार्य नकोत. युजीसीच्या २०१५च्या विनियमांत वरिष्ठ प्रशासकीय पदावरच्या व्यक्ती, अगदी विभागप्रमुखसुद्धा, या समितीचे सदस्य नसावेत असं स्पष्ट आहे. पीठासीन अधिकारी ज्येष्ठ महिला शिक्षक, महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकापेक्षा खालच्या दर्जाची नको. लहान महाविद्यालयात अशी कोणी नसते, म्हणून सहायक प्राध्यापिकेला बसवतात आणि पुढे चौकशीच अवैध ठरते. बाहेरच्या संस्थेतून घ्यायची सोय आहे, ती वापरावी. किमान निम्मे सदस्य महिला, एक बाहेरची जाणकार व्यक्ती, प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत.

माहिती अधिकारातही तसंच. जन माहिती अधिकारी म्हणून अधीक्षक किंवा रजिस्ट्रार, आणि प्रथम अपिलीय अधिकारी प्राचार्य. प्राचार्यांनीच माहिती नाकारली आणि प्राचार्यांनीच अपील ऐकलं, असे फलक अजून दिसतात. उत्तराची मुदत ३० दिवस, उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० पर्यंत दंड, तोही जन माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. म्हणून अधीक्षकांनी आपला नियुक्ती आदेश आधी मागून घ्यावा.

टिपणवही

आता नॅक, कारण त्याशिवाय धागा पूर्ण होणार नाही. संलग्न महाविद्यालयांच्या ज्या पुस्तिकेवर बहुतेकांनी काम केलं तिच्यात सात निकष, एकूण १,००० गुण. सहावा निकष प्रशासन आणि नेतृत्वाचा, १०० गुणांचा. लोक सगळा जोर ध्येयवाक्य रंगवण्यावर देतात. त्या भागाला गुण १०. शिक्षकांच्या सक्षमीकरणाला ३३, आयक्यूएसीला ३०. म्हणजे ६३ गुण अशा कागदांत, जे पाच वर्षांचे एका दमात तयार करता येत नाहीत : कोणत्या शिक्षकाला परिषदेसाठी किती पैसे दिले त्याचं व्हाउचर, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, तिमाही बैठकांची इतिवृत्तं. आयक्यूएसीच्या बैठकीला दोन-तृतीयांश गणपूर्ती लागते. सीडीसी आणि आयक्यूएसी एकाच दिवशी, अर्ध्या तासाच्या अंतराने घेतल्या तर निदान बाहेरचे सदस्य हजर राहतात.

घाटवाट

इतिवृत्ताचा नमुना देतो, मग थांबतो. नेहमी दिसतं ते असं :

'विषय ४ : प्रयोगशाळा साहित्य खरेदीबाबत चर्चा झाली. सर्वांनी समाधान व्यक्त केले.'

यावर कोणीही काहीही करू शकत नाही. हवं ते असं :

'विषय ४ : रसायनशास्त्र विभागाच्या मागणीनुसार साहित्य खरेदी. ठराव क्र. ४ : अंदाजपत्रकातील प्रयोगशाळा शीर्षाखालील तरतुदीच्या मर्यादेत, तीन दरपत्रके मागवून, खरेदी समितीमार्फत खरेदी करण्याची शिफारस नियामक मंडळाकडे करण्यात यावी. सूचक, अनुमोदक. सर्वानुमते मंजूर. कार्यवाही : विभागप्रमुख व अधीक्षक. मुदत : पुढील बैठकीपूर्वी.'

पुढच्या बैठकीत पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करणे, दुसरा कार्यपूर्ती अहवाल. पानांना क्रमांक, मधे कोरं पान नाही, खाडाखोडीवर सही. संगणकावर टाईप करून वहीत डकवत असाल तर डकवलेल्या कागदाच्या कडेवर, अर्धी कागदावर अर्धी वहीवर, अशी सही घ्या. पान बदललं तर सही तुटते.

आवकजावक

@जमाखर्च, त्या विस्मरणात गेलेल्या अनुदान खात्याचं काय करायचं? शिल्लक आहे, योजना केव्हाच संपली, जुन्या दोन्ही सह्या करणारे निवृत्त.

जमाखर्च

खर्च करू नका. आधी संस्थेचा ठराव करून सह्या बदला, बँकेकडून उघडल्यापासूनचा खातेउतारा काढा, योजनेची मंजुरी आणि उपयोगिता प्रमाणपत्र शोधा. न खर्चलेली रक्कम व्याजासकट अनुदान देणाऱ्याला परत करायची असते. किती आणि कोणत्या खात्यात ते विचारणारं पत्र पाठवा आणि त्याची पोच फाईलला लावा. उतारा काढायला बँक वेळ लावते, तो अर्ज उद्याच द्या.